कोंडाबाईची लिंबोणी

नदीकाठच्या एका गावात दाजीबा नावाचा एक म्हातारा माळी राहत होता. झाडाला काही दुखलं-खुपलं की गाव त्याच्याकडे धाव घेई. तो नुसती फांदी बघून रोग सांगायचा.

वय झालं तशी दाजीबाची नजर अधू झाली. लांबचं दिसे, पण हातातलं पान धूसर वाटे. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. सगळे आपल्याला झाडांचा वैद्य म्हणतात, त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं की वैद्याला दिसत नाही?

एकदा शेजारची कोंडाबाई लिंबोणीची फांदी घेऊन आली. हे झाड तिने लेकीच्या बारशाला लावलेलं. लेक सासरी गेली, तेव्हापासून कोंडाबाई झाडाशीच बोलायची. आता त्याची पानं पिवळी पडून गळत होती. दाजीबाने फांदीवरून बोट फिरवलं. बारीक पुटकुळ्या लागल्या. खवले कीड आहे, एवढं त्याला कळलं. पण तिच्यात दोन प्रकार असतात, आणि कुठला ते नीट बघितल्याशिवाय कळत नाही. दाजीबाने अंदाजाने एक धरला आणि साबणाचं पाणी मारायला सांगितलं.

कोंडाबाईने महिनाभर नेमाने पाणी मारलं. झाड आणखीच वाळलं. मग ती येऊन म्हणाली की तुमच्या औषधानेही गुण येत नाही, म्हणजे त्याचा शेर संपला. उद्या तोडून टाकते. तिने दाजीबाला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागलं.

ती गेली. ओसरीवर सून सरू तांदूळ निवडत होती. दाजीबा तिच्याजवळ येऊन म्हणाला, "सरू, मला जवळचं दिसत नाही गं. दोन वर्षं झाली. त्या लिंबोणीला मी अंदाजाने औषध सांगितलं."

सरूने सूप बाजूला ठेवलं. "मग चला मामंजी. मी बघते, तुम्ही विचारा."

लिंबोणीखाली उभं राहून दाजीबाने कोंडाबाईलाही खरं काय ते सांगितलं. सांगताना त्याची मान खाली होती. मग तो एकेक विचारू लागला. मुंग्या दिसतात का? सरूला एकही दिसली नाही. पानं चिकट लागतात का? तीही नाहीत. खवला कसा आहे? गोल, चपटा, तांबूस, मोहरीएवढा, मधोमध एक ठिपका.

"आता सुईच्या टोकाने तो अलगद उचल," दाजीबा म्हणाला.

खवला झाकणासारखा निघाला. खाली पिवळी कीड फांदीला तशीच चिकटून होती.

दाजीबाचा चेहरा उजळला. ही कवचवाली. दुसऱ्या प्रकारात खवला म्हणजे किडीची पाठच, ती अशी सुटून येत नाही; शिवाय ती गोड चिकटा सोडते आणि त्यावर मुंग्या जमतात. ही मात्र ढालीखाली निवांत बसते, साबणाच्या पाण्याला दाद देत नाही. त्याने उपाय सांगितला: फार किडलेल्या फांद्या छाटा, खोड काथ्याने हलकं घासा. पिल्लं निघाली की पिवळे ठिपके चालताना दिसतील. त्यांच्या अंगावर अजून ढाल नसते, तेव्हाच निंबोळीचं तेल पाण्यात कालवून मारा.

सरूला काही खवल्यांवर बारीक गोल भोकं दिसली. दाजीबा हसला. किडीला आतून खाऊन एक इवलीशी माशी त्यातून उडून गेली होती. त्या फांद्या मात्र राहू द्या, तो म्हणाला, तिथे आपलं काम दुसरंच कुणी करतंय.

कोंडाबाईने डोळ्यांना पदर लावला. "भाऊजी, आधीच बोलला असतात तर मीच बघून सांगितलं असतं की."

तीन महिन्यांनी लिंबोणीला कोवळी पालवी फुटली, आणि पुढच्या वर्षी ती फळांनी वाकली. लोक दाजीबाकडे फांद्या आणतच राहिले. आता सरू बघायची, दाजीबा विचारायचा, आणि त्या दोघांचं सांगणं सहसा चुकत नसे.

तात्पर्य: जाणत्याने "मला दिसत नाही" म्हटलं, तर त्याचं ज्ञान कमी होत नाही, उलट ते उपयोगी पडतं.