सोपान शिपायानं माहिती आणली

पिंपळदरी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावच्या नगरपरिषदेत सोपान नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती भोळा? साहेब एकदा म्हणाले, "पंखा बंद पडला की मला सांग." सोपान दिवसभर पंख्याखाली वर बघत बसला. पंखा काही बंद पडला नाही, पण सोपानची मान धरली. बरं, मनानं अगदी सरळ, कामाला वाघ. फक्त त्याच्या डोक्यात एका वेळी एकच शिकवण मावायची. नवी आत शिरली की जुनी बाहेर.

सोपान रोजंदारीवर होता. त्याला कायम करायची मंजुरी वरून केव्हाच आली होती. आदेश टाइपसुद्धा झाला होता. फक्त मुख्याधिकारी लोहोकरे साहेबांची सही राहिली होती. तो कागद साहेबांच्या टेबलाच्या खणात पडून होता आणि सोपानचं लग्न त्या कागदापायी अडलं होतं. शेजारच्या गावच्या जगदाळेमामांनी त्याच्या आईला सांगून ठेवलं होतं, "पोरगा कायम झाला की आमची कांचन बघा." आई बिचारी रोज देवापुढं दिवा लावायची आणि साहेबांच्या हाताला सहीची बुद्धी मागायची.

अशात नगरपरिषदेचा कॉम्प्युटर बिघडला. बिघडला म्हणजे बंद नाही पडला. बंद पडला असता तर परवडलं असतं. जन्माचा दाखला मागितला की तो मृत्यूचा द्यायचा. पेठेतलं एक बाळ बारशाआधीच वारलं, कागदोपत्री. आणि काठी टेकत पेन्शनसाठी आलेल्या शेवंताबाई परवाच्या मंगळवारी जन्मल्या. बाळाच्या बापानं कचेरीत येऊन थयथयाट केला. शेवंताबाईंनी मात्र साखर वाटली.

साहेबांनी सोपानला बोलावलं. खोलीत साहेबांचे मेव्हणे बंटीशेठ पायावर पाय टाकून चहा पीत होते.

साहेब म्हणाले, "सोपान, कॉम्प्युटर दुरुस्तीला तज्ज्ञ माणसं तासावर घ्यायची आहेत. पण शासनाचा नियम आहे. खरेदीच्या आधी कंपन्यांकडून माहिती घ्यायची. माणसं कशी आहेत, तासाचा दर काय. बाबू लोक सगळे निवडणुकीच्या कामाला गेलेत, म्हणून तू जा. पण लक्षात ठेव. आज फक्त माहिती! काही घ्यायचं नाही, कुणाला शब्द द्यायचा नाही, कुणावर कसलं बंधन नाही. हे नीट केलंस तर तुझ्या कागदावर सही करतो."

सोपाननं मान हलवली. शिकवण डोक्यात पक्की बसली.

तो जिल्ह्याच्या गावी भन्साळींच्या कंपनीत गेला. गार हवेची खोली, काचेचं दार.

"या, काय सेवा करू?" भन्साळी म्हणाले.

"काय बी नको," सोपान म्हणाला.

"मग येणं कसं केलंत?"

"काय बी घ्यायचं न्हाई, हे सांगाया आलोय. नगरपरिषदेकडनं."

भन्साळी जुने जाणते. सरकारी माणूस आहे, हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी चहा मागवला. सोपाननं चहाकडे पाहिलं, साखर किती टाकली ते विचारलं, दूध म्हशीचं का गाईचं ते विचारलं आणि कप परत सरकवला. भन्साळींनी कंपनीची सगळी माहिती छापलेलं जाडजूड रंगीत पुस्तक त्याच्यापुढं धरलं.

"न्हाई साहेब. फक्त माहिती. वस्तू घ्यायची न्हाई."

"अहो, यातच माहिती आहे!"

"आसंल. पर पुस्तक ही वस्तू हाय."

शेवटी भन्साळी वैतागून म्हणाले, "तासाला आठशे रुपये. एवढं तरी घेऊन जा!" आकड्याला वजन नव्हतं, म्हणून तो सोपाननं नेला.

साहेबांनी विचारलं, "आठशे कुणाचे? नवशिक्याचे की तज्ज्ञाचे?"

"ते न्हाई इचारलं."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, एक आकडा ऐकून परत फिरायचं नसतं. पायरीपायरीनं विचारायचं. नवशिक्याचा किती, अनुभवी माणसाचा किती, तज्ज्ञाचा किती. आणि सरकारी काम आहे, तेव्हा सगळ्यांत स्वस्त असेल तेच धरायचं."

सोपाननं मान हलवली. नवी शिकवण आत गेली, जुनी बाहेर पडली.

संध्याकाळी आई म्हणाली, "आरं, जगदाळेमामा म्हणत्यात, सही व्हईल तवा व्हईल, पोरगी तरी बघून जावा. परवा जायचं. जा, केस कापून ये."

सोपान वामन न्हाव्याच्या दुकानात गेला. वामन म्हणाला, "बस. सत्तर रुपये."

"सत्तर कुणाचे? नवशिक्याचे का तज्ज्ञाचे?"

वामन बघतच राहिला. "तज्ज्ञ मीच. आणि नवशिका म्हणशील तर हा माझा जावई, नुकताच शिकाया लागलाय. त्यो निम्म्यात करील."

"सगळ्यांत स्वस्त तेच धरायचं," सोपान म्हणाला आणि जावयापुढं बसला.

जावयानं जीव ओतून डावी बाजू कापली. छान कापली. मग कात्री खाली ठेवली.

"उजवी?" सोपाननं विचारलं.

"मला सासऱ्यांनी अजून डावीच बाजू शिकवलीय," जावई म्हणाला.

सोपाननं निम्मे पैसे दिले आणि डोक्यावर टोपी घातली. शासनाचे पैसे वाचवल्यासारखा तो घरी आला. वास्तविक पैसे त्याचेच होते आणि केसही.

दुसऱ्या दिवशी तो कुलथ्यांच्या कंपनीत गेला. या वेळी त्यानं पायरीपायरीनं विचारलं. नवशिका, अनुभवी, तज्ज्ञ. बारीक मिशांचे कुलथे हसून म्हणाले, "सांगतो हो. आधी सांगा, भन्साळी काय म्हणाले?"

"आठशे म्हणाले."

"मग आमचे सातशे नव्व्याण्णव."

सोपान आनंदानं धावत आला. "साहेब, एक रुपाया वाचवला!"

साहेबांनी पुन्हा कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, एकाचा दर दुसऱ्याला सांगायचा नसतो! मग माहिती कसली आणि स्पर्धा कसली? कुणीही, काहीही विचारलं तरी 'गोपनीय आहे' म्हणायचं आणि गप्प बसायचं."

बंटीशेठ तेव्हाही तिथंच होते. ते गालातल्या गालात हसले आणि हळूच म्हणाले, "दाजी, म्हणजे आपला सातशे अठ्ठ्याण्णव धरायचा ना?" साहेबांनी डोळे वटारले. सोपान कप उचलत होता. त्यानं ऐकलं, पण ऐकण्याबद्दल त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.

परवाचा दिवस उजाडला. मायलेक जगदाळेमामांच्या घरी गेले. कांदेपोहे आले. कांचन खाली मान घालून बसली. मामांनी प्रेमानं सुरुवात केली.

"काय जावईबापू, नाव काय आपलं?"

"गोपनीय हाय."

मामांनी आईकडे पाहिलं. आई पोह्यांकडे बघू लागली.

"बरं, पगार किती मिळतो?"

"गोपनीय हाय."

"घरात बसूनसुदीक टोपी कशापायी घातलीय?"

"ते तर लईच गोपनीय हाय."

कांचनला हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून आत पळाली आणि आतून तिचं हसणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. खरं सांगायचं तर तिला हा माणूस आवडला. खोटं बोलण्याएवढी अक्कल याच्याकडं नाही, हे तिनं एका नजरेत हेरलं. मामा मात्र गंभीर झाले. "पोरीचं मन दिसतंय, म्हणून मी न्हाई म्हणत न्हाई," ते आईला म्हणाले. "पर कायमचा आदेश हातात पडू द्या. परवा बाजाराला यायचंच हाय मला पिंपळदरीत. आदेश दावा, तिथंच पेढं वाटतो."

परतीच्या वाटेवर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आरं सोपाना, आसं करत्यात व्हय? चारचौघांत कुणी इचारलं की हाय ते मोकळंढाकळं सांगावं. मनात काय बी ठिवू नये. आन् ती सही करून घे रं बाबा. माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या डोक्याला बाशिंग बघू दे."

आई रडली की सोपानला काहीच सुचायचं नाही. त्यानं मान हलवली. गोपनीय बाहेर पडलं, मोकळंढाकळं आत आलं.

बाजाराच्या दिवशी नगरपरिषदेत कंपन्यांची बैठक होती. भन्साळी आले, कुलथे आले, बंटीशेठ तर घरचेच. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना कलेक्टर मॅडमची गाडी दारात उभी राहिली. कागदोपत्री मेलेल्या बाळाचा बाप बाळाला हातांवर घेऊन थेट त्यांच्याकडे गेला होता.

साहेबांची तारांबळ उडाली. मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटर दुरुस्तीची माहिती कुणी जमवली?"

"हा आमचा सोपान. फार प्रामाणिक आहे," साहेब घाम पुसत म्हणाले.

मॅडम सोपानकडे वळल्या. "काय काय माहिती मिळाली? सांगा बघू."

चारचौघं होते. विचारलंही होतं. सोपाननं हात बांधले आणि हाय ते मोकळंढाकळं सांगितलं.

"भन्साळींचा दर आठशे. कुलथ्यांचा सातशे नव्व्याण्णव, कारण मी त्यास्नी आठशे सांगितलं. बंटीशेठचा सातशे अठ्ठ्याण्णव. तिथं मला जावं लागलं न्हाई, ते साहेबांच्याच खोलीत असत्यात. साहेबांचं मेव्हणं हायत. त्यांच्याकडं कॉम्प्युटरचा माणूस न्हाई, मंडप आन् खुर्च्या हायत. साहेब जेवण झाल्यावर आत झोपत्यात, तवा आम्ही 'मीटिंग चालू' म्हणतो. आन् माझ्या टोपीखाली एकाच बाजूला केस हायत."

त्यानं टोपी काढून दाखवली. मग भन्साळी ओरडले, कुलथे त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले आणि बंटीशेठ पाणी प्यायला म्हणून जे गेले ते परत आलेच नाहीत.

मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं. "ही सगळी माहिती रद्द. पहिल्यापासून पुन्हा मागवा," त्या म्हणाल्या. "लोहोकरे, तुमच्याशी मी नंतर बोलते. आणि सोपान, इतका खरा माणूस मला या जिल्ह्यात भेटला नव्हता. तुम्ही कायम आहात ना?"

"न्हाई. मंजुरी आलीय. सही ऱ्हायलीय. साहेबांच्या खणात हाय, डाव्या हाताला."

"आत्ता सही करा," मॅडम साहेबांना म्हणाल्या. "माझ्यासमोर."

साहेब कागद आणायला उठले. उठताना त्यांनी सोपानला कोपऱ्यात ओढलं आणि दातओठ खाऊन पुटपुटले, "गाढवा! मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? आज फक्त माहिती! काही घ्यायचं नाही, कुणाला शब्द द्यायचा नाही! मरेपर्यंत विसरू नकोस!"

सोपाननं मान हलवली. मोकळंढाकळं बाहेर पडलं. पहिली शिकवण परत आत आली आणि या वेळी घट्ट बसली.

साहेबांनी सही केली. शिक्का मारला. मॅडमनी तो कागद स्वतःच्या हातांनी सोपानपुढं धरला. "घ्या सोपान. आजपासून तुम्ही कायम."

सोपाननं दोन्ही हात मागं घेतले.

"पगार किती?" त्यानं विचारलं. मॅडमनी सांगितला. "सुट्ट्या?" त्याही सांगितल्या. "म्हातारपणी काय?" मॅडमनी तेही समजावून सांगितलं. सोपान प्रत्येकाला मान डोलावत होता.

"मग घ्या की आता."

"न्हाई मॅडम. आज फक्त माहिती. काय बी घ्यायचं न्हाई. तुमचं आमच्यावर बंधन न्हाई, आमचं तुमच्यावर न्हाई."

मॅडमना वाटलं, हा माणूस एवढा निर्लोभी आहे की याला नोकरीचाही मोह नाही. त्यांचा ऊर भरून आला. पुढच्या गावी बैठक होती, गाडी खोळंबली होती. "तुमची मर्जी," असं म्हणून त्यांनी त्याला नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या. साहेबांनी कागद उचलला, खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. आठवड्याभरात पहिल्यांदाच त्यांनी कपाळावर हात मारला नाही. उलट सोपानच्या पाठीवर थाप मारली.

सोपान खुशीत बाहेर आला. पायरीवर आई उभी होती. शेजारी जगदाळेमामा होते, हातात पेढ्यांचा पुडा. आत काय काय झालं, ते खिडकीतून अर्ध्या गावानं ऐकलं होतं आणि मॅडमनी सही करून घेतली एवढं यांच्या कानांपर्यंत पोचलं होतं. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. मामांनी पुड्याची दोरी सोडली.

"दावा आदेश, जावईबापू!"

"देत हुते," सोपान म्हणाला. "मी समदी माहिती घेतली. पगार चांगला हाय, सुट्ट्या हायत. आता आणखी दोन ठिकाणी इचारतो, मग ठरवू."

आई मटकन पायरीवर बसली. मामांनी सोपानकडं पाहिलं, त्याच्या अर्ध्या डोक्याकडं पाहिलं आणि दोरी पुन्हा नीट बांधली.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "आमीबी पोरीसाठी आणखी दोन ठिकाणी इचारतो."

आणि पुडा काखेत मारून ते एसटी स्टँडकडं चालू लागले.