दारफाळणीची मुकी घटका

हे खारशेतच्या इस्रायल लोकांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, प्रार्थनाघर. इकडे त्याला मशीदच म्हणतात, उगाच तोंडं वाकडी करू नका. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे त्यांच्या कडक उपासाला, ठाण्या-मुंबईहून माणसं येतात. दिवसभर प्रार्थना चालते. दिवस बुडायला आला की दार लावून सगळे उठून उभे राहतात आणि चकार शब्द काढत नाहीत. बाहेरचे विचारतात, प्रार्थना म्हणणारा हजान विसरला का? हजान कशाला विसरतोय! त्या घटकेला पूर्वी एक गाणं होतं.

यांच्या वाडवडिलांचं गलबत इथल्या खडकांवर फुटलं, असं सांगतात. थोडे वाचले, बाकीचे बुडाले. बुडालेली माणसं दारफाळणीच्या सांजेला मशिदीच्या दाराशी येत म्हणे. त्यांच्यासाठी एक संथ चाल होती, तान्ह्याला थोपटावं तशी. ती ऐकून बुडालेली माघारी जात आणि वर्षभर निजत. चाल एकाच घरात होती, हसाजी हजानाच्या.

हसाजीचा मुलगा एलोजी. पलटणीच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचा. तिथून बोटीवर गेला आणि न्यूयॉर्कला उतरला. तिथल्या एका गल्लीत घरोघरी पियानो, आणि धंदा काय तर गाणी करून विकायची. करणारे बरेचसे यहुदीच, रशियाकडून जीव घेऊन पळालेले. त्यांतल्या नाथान नावाच्या गाणेवाल्याकडे एलोजी कामाला लागला. घरची आठवण आली म्हणून एकदा त्याने बापाची चाल वाजवली.

नाथान म्हणाला, "ही कोणाची?"

"मेलेल्यांची आहे. बाप हजान आहे, तो म्हणतो. विकायची नाही."

"माझा बापही हजानच होता, राजा. त्याच्या चालींवर अख्खं शहर नाचतं. देवाची अजून तक्रार आली नाही. जरा लय पळव की!"

एलोजीने लय पळवली. खोटं कशाला बोला, त्याची त्यालाच आवडली. तबकडी निघाली, चार मुलखांत वाजली, फिरत फिरत खारशेतला आली. होड्यांवरचे तांडेल गुणगुणायला लागले, पोरं तिच्यावर उड्या मारायला लागली.

त्या दारफाळणीला हसाजीने चाल सुरू केली आणि उभ्या माणसांचे पाय आपोआप ठेका धरू लागले. हसाजी मध्येच थांबला. त्यानंतर त्याच्या गळ्यातून सूर म्हणून निघाला नाही. मशिदीभोवती मात्र ओली पावलं दिसू लागली. आधी अंगणात, मग विहिरीपाशी, मग घरांच्या पायऱ्यांवर. तिन्हीसांजेला माणसं दारं लावून बसू लागली.

गावचा खलाशी अखूबजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर एलोजीला भेटला. म्हणाला, "तुझं गाणं लई जोरात आहे हो, एलोजीशेठ! गावातली मेलेली माणसंसुद्धा जागी झाली."

एलोजी सगळं टाकून निघाला तो पुढच्या दारफाळणीला घरी पोचला. बापाने बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "म्हण."

सांजेला एलोजी उभा राहिला. पहिल्या ओळी नीट गेल्या. मग लय सुटली. तो मागे ओढतोय आणि चाल पुढे पळतेय. बाहेर अंगणात पावलं वाजली, पचक पचक. आधी एक जोडी, मग पुष्कळ. गिरक्या घेत होती. एक लहान मूल हसलं, आणि ते आतलं नव्हतं.

हसाजीने मुलाचा दंड धरला. "गप! अरे, बुडाल्यापासून दमलेलीच आहेत ती. त्यांना नाचवू नको."

एलोजीने तोंड मिटलं. पावलं थांबली, पण माघारी जाईनात. तेव्हा तो दाराकडे तोंड करून तसाच उभा राहिला. चाल मनातल्या मनात म्हणत राहिला, बापासारखी, सावकाश. त्याच्याबरोबर सगळे उभे राहिले. बाहेरची पावलं एकेक करून समुद्राकडे गेली म्हणतात.

एलोजी पुन्हा कधी गायला नाही. दर दारफाळणीला मुक्यानेच चाल म्हणायचा. कोणाला शिकवली नाही, शिकवायची तर तोंड उघडावं लागलं असतं. म्हातारपणी होडी उलटली आणि खाडीत बुडाला.

आजही माणसं त्या घटकेला तशीच उभी राहतात. मग दार उघडतात, तर उंबऱ्याबाहेर एकाच माणसाची ओली पावलं असतात, बोटं दाराकडे वळलेली. ती कोणी पुसत नाही, ओलांडून जातात. बाकीच्यांना एलोजी तिकडेच निजवतो म्हणतात. त्याला निजवायची चाल आता कोणालाच येत नाही.