शिदूमामांचं दुखणं आणि जावई पिराजी

एका गावात एक भोळा घरजावई राहायचा. नाव पिराजी. अंगानं पैलवान. सांगितलेलं काम अगदी सांगितलं तसंच करायचा. घोटाळा त्यातच व्हायचा.

त्याचे सासरे शिदूमामा. साठी ओलांडलेली, तोंडात कायम विडी. काही महिने झाले, मामांना परसाकडेला रक्त पडत होतं. खाज सुटायची. हाताला गाठ लागायची. मूळव्याध असेल म्हणून ते गप्प बसले. सांगणार कुणाला? जागाच तसली.

शेवटी जावयाला म्हणाले, "तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडून औषध आण. माझं नाव घेऊ नको. मला त्रास होतोय, एवढंच सांग."

"बरं," म्हणाला पिराजी. गेला.

"त्रास कसला?" बाईंनी विचारलं.

"मला त्रास होतोय."

"हो, पण कसला?"

"एवढंच सांगायचंय."

बाईंनी परत पाठवला. मामा करवादले. "अरे, विचारतील त्याचं खरं उत्तर द्यावं. रक्त जातं, खाज येते, गाठ आहे, हे सांगावं."

"बरं. आता चुकणार नाही."

पुन्हा गेला. सगळं सांगितलं.

"रक्त कुठून जातं?"

"घरून. परसाकडेला."

"विडी ओढता?"

"कधीच नाही." ते खरंच होतं.

बाईंनी त्याला कुशीवर झोपवलं, हातमोजा घालून तपासलं आणि त्या चक्रावल्या. "तुम्हाला तर काहीच नाही."

पिराजी धावत घरी आला. "मामा, तुम्हाला काहीच नाही. बाईंनी बोट घालून बघितलंय."

मामा खूश. त्यांनी विडी पेटवली.

पुढं मामांना धड बसवेना. धोतरं धुताना त्यांच्या लेकीला, म्हणजे पिराजीच्या बायकोला, कौसाला, डाग दिसले. सगळं कळल्यावर तिनं नवऱ्याला समोर उभं केलं. "अहो, ज्याचं दुखणं त्यालाच न्यायचं असतं. तो लाजला, नको म्हणाला, तरी उचलून न्यायचं."

"बरं. आता चुकणार नाही."

मामा नको नको म्हणत होते. पिराजीनं उचललं, टेम्पोत घातलं, नेलं. कौसाही बरोबर गेली.

बाईंनी तपासलं. मोठ्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासला. शौचाच्या जागेचा कॅन्सर निघाला.

"मी मरणार का, बाई?" मामांनी हळूच विचारलं.

"गाठ लहान आहे. बहुतेक बरे व्हाल. पण विडी सोडा, तिनं धोका वाढतो. वयानं वाढतो, एका विषाणूनंही वाढतो. आणि मूळव्याध समजून असलं दुखणं अंगावर काढायचं नसतं." मग त्या पिराजीकडे वळल्या. "रक्त, खाज, गाठ, बसताना दुखणं. असं कुणाचंही दिसलं तर घेऊन यायचं."

"बरं," म्हणाला पिराजी.

कॅन्सरवरची किरणं देऊन झाली, औषधं झाली. मामा बरे झाले. विडीही सुटली, कुरकुरत का होईना.

उन्हाळ्यात शेजारी लग्न निघालं. नवरदेव पाटावर बसला होता. नव्या धोतरानं त्याला खाज सुटलेली, सारखा चुळबुळत होता. पाटावर कुंकू सांडलेलं. मंगलाष्टकांसाठी तो उभा राहिला, तर धोतराला मागं लालभडक डाग.

पिराजी जवळ गेला. "रक्त जातं?"

"छे हो."

"खाज?"

नवरदेव लाजला. लाजला म्हणजे नक्कीच.

"सोडा, मला काही झालेलं नाही," नवरदेव म्हणाला. पण तोवर तो पिराजीच्या खांद्यावर होता. वऱ्हाडाला वाटलं, इकडची रीत असेल. त्यांनी अक्षता टाकल्या.

अंतरपाट बाजूला झाला. नवरी हार घेऊन उभी. समोर एकटे भटजी.

तिकडे दवाखान्यात बाईंनी मुंडावळ्यांकडे पाहिलं. "काय होतंय तुम्हाला?"

नवरदेव म्हणाला, "लग्न होत होतं, बाई."