तीन ब्यांडचा रेडिओ

"माझी ऐपत काढतोस व्हय रं? आरं, तुजी बहीन मागाय आलो तवा तुज्या बानं नुसतं माझं तोंड बघून पोरगी दिली. आन् तू दुकानात बसून मला ऐपत शिकवतोस?"

सुबराव टेकडी चढत हुता आन् मेव्हन्याला झाडत हुता.

मेव्हना जालिंदर तिथं नव्हता. त्यो खाली बाजारात, आपल्या रेडिओच्या दुकानात निवांत चहा पीत बसला आसंल. पर सुबरावला भांडायला समोर मानूस लागतंय कुठं? एकदा तोंड सुटलं की त्यो वाटंवरच्या बाभळीलाबी दम द्यायचा.

खांद्यावर पोतं, पोत्यात दोन रेडिओ. एक मोठा, बारा ब्यांडचा. पुढनं सगळा चकचकीत, बटन दाबलं की हिरवा दिवा लागायचा. दुसरा ल्हान, तीन ब्यांडचा, एका कोपऱ्याला टवका उडालेला.

"दाजी, पयलाच रेडिओ हाय," जालिंदर म्हनला हुता. "ल्हान घ्या. तुमच्या बेतात बसंल."

बेतात! त्या एका शब्दानं सुबरावचं टाळकं सनाकलं. त्यो तिथल्या तिथं म्हनला, मोठाच घेनार, पैसं कमी पडलं तर शेळी इकून घेनार. मग दोनीबी पोत्यात घातलं, म्हनला, आता मकबूलचाच्यालाच इचारतो. मग बघू कोन शाना ते.

टेकडीवर पिराचं ठानं. मकबूलचाचा मुलानी तिथला दिवा सांभाळायचा. त्याच्या आदी बारा वर्सं पलटनीत वायरलेसवर हुता. कानाला यंत्र लावून लांब लांबचं ऐकायचं, येवढंच काम. त्यापायी त्याचं बोलनं कमी झालं म्हनत्यात. गावातलं कोनीबी रेडिओ घ्यायचा म्हनलं की आदी टेकडी चढायचं.

चाचा कडूलिंबाखाली बसला हुता. दिवस कलला हुता.

सुबरावनं दोनी रेडिओ पुढ्यात मांडलं.

"चाचा, मोठाच घ्यावा का न्हाई? तेवढं सांगा, आन् त्या जालिंदराला चार शब्द सुनवा."

"तू इचारतोयस का सांगतोयस?"

"इचारतोय!"

असा वरडला की लिंबावरचं कावळं उडालं.

चाचानं कावळं परत बसूस्तवर वाट बघितली.

"रेडिओ कशापायी पायजे?"

सुबराव जरा गडबडला. मग खिशातनं घडी घातलेलं पत्र काढलं. त्याला वाचता येत नव्हतं, पर पाठ हुतं.

पोरगा भानुदास दोन वर्सांखाली घरातनं गेला. बापलेकात एक घास भांडनाबिगर गिळला जायचा न्हाई. शेवटल्या दिशी सुबराव म्हनला, नीघ. त्यो निघाला. पार समुद्रापल्याड, अरबांच्या मुलखात. दोन वर्सांत हे पयलं पत्र. संगं पैसं धाडल्यालं, आन् चार वळी. आबा, ह्या पैशाचा रेडिओ घ्या. दिवस मावळता हितलं स्टेशन एकतीस मीटरवर लागतंय. मी रोज ऐकतो. तुमी बी ऐका.

"तेवढंच लिवलंय?"

"तेवढंच."

"तिथली भाषा येती तुला?"

"कुठली येनार!"

"मग काय कळनार?"

"कळायचंय कशाला? त्यो ऐकतोय त्ये आपन ऐकायचं..."

सकाळपासनं हे पयलं वाक्य सुबराव हळू बोलला.

चाचानं खाली रानाकडं बघितलं.

खाली रानातनं मेंढरं परतत हुती. त्यांची धूळ उठली ती तशीच हवंत टांगून ऱ्हायली, सोनेरी. गाव त्या धुळीत बुडालं, नुसतं धुराचं पट्टं वर दिसत हुतं.

"लाव," चाचा म्हनला.

सुबरावनं मोठा लावला. हिरवा दिवा पेटला, आन् गानं असं घुमलं की पिराची चादर हालली.

"बघा! ह्येला म्हनत्यात रेडिओ!"

"कोन गातंय?"

"आपलं जिल्ह्याचं स्टेशन."

"दुसऱ्या ब्यांडवर ने."

नेला. तिथं बी त्योच गडी गात हुता. तिसऱ्यावर नेला, तिथं जरा घसा बसल्यावानी, पर त्योच. बारा घरं फिरला, बाराच्या बारा घरांत त्योच पाव्हना पाट टाकून बसल्याला.

"आता जिथं कोनी न्हाई तिथं थांब."

"तिथं थांबून काय करू?"

"ऐक."

सुबरावनं काटा लई फिरवला. पर मोठ्याला रिकामी जागाच नव्हती. कुठं शिट्टी, कुठं खरखर, आन् मागनं त्यो गडी गातच ऱ्हायल्याला.

"आता ल्हान."

ल्हान्याचा दिवाबिवा काय लागला न्हाई. शार्टवेवला नेला, काटा मधीच थांबवला. लांब कुठंतरी कोनी जोंधळं उफनतंय, येवढाच आवाज.

"ह्यो तर बोलतच न्हाई," सुबराव म्हनला. "मुका हाय."

"व्हय."

"व्हय काय? बिघडल्याला हाय म्हना की."

चाचा हसला.

"सुबराव, पाव्हना बसवायचा तर घरात जागा लागती..."

सुबराव दोनी रेडिओंकडं बघत ऱ्हायला. मग हिरवा दिवा बंद केला आन् मोठा पोत्यात घातला, जरा जोरातच.

"आता जालिंदराला काय तोंड दावू?"

चाचा उठला, बंडीच्या खिशातनं तांब्याची बारीक तार काढली. एक टोक लिंबाच्या फांदीला टांगलं, दुसरं ल्हान्याच्या एरियलला गुंडाळलं.

जोंधळं उफनायचा आवाज जरा खोल झाला.

दिवस टेकला.

"एकतीस मीटर," चाचा म्हनला.

सुबरावनं बटन पिरगाळलं. काटा इकडनं तिकडं गेला. चुईं... चुईं... काय न्हाई.

"हाय कुठं स्टेशन? पोरगं बी खोटं बोलाय लागलं काय?"

"पयलारू गाय धार काढू देत न्हाई, तवा काय करतोस? आचळ हिसकतोस?"

"लाथ घालंल की ती!"

"मग?"

सुबरावनं हाताकडं बघितलं. धोतराला पुसला. आन् दोन बोटांनी बटन असं धरलं, की जनू त्येला जीव हाय.

केसाएवढं. अजून केसाएवढं.

आन् मग आवाज यायला लागलं... पान्यातनं आल्यागत. कुनाची तरी प्रार्थना आली, बुडाली. कुठलं तरी वाद्य आलं, त्ये बी वाऱ्यासंगं गेलं. कोनी मानूस हसला, कुठल्या देशातला त्यो जाने. सुबरावला वाटलं आपन टेकडीवर न्हाईच, समुद्राच्या काठी बसलोय आन् एक एक होडी जवळ येऊन परत जाती.

मग एक बाई बोलाय लागली. घशातनं, खर्जात, एक अक्षर कळंना. तिच्या मागनं सतार का काय ती संथ वाजत हुती.

चाचानं मान हालवली.

"त्येच. पलटनीत लई ऐकलंय."

सुबराव हालला न्हाई.

त्या बाईच्या आवाजाच्या पल्याड त्येला वाळू दिसली. तिथं अजून ऊन आसंल. एक पोरगं पालथ्या घमेल्यावर बसलंय, गुडघ्याला सिमिट लागलंय, मान एका अंगाला कललेली. ल्हानपनापासनं ऐकताना तशीच मान कलायची. आई गेली त्या दिशी बी तशीच.

बाई बोलत हुती. पोरगं ऐकत हुतं. बाप ऐकत हुता.

दोघांत भांडन नव्हतं. दोन वर्सांतच न्हाई, पोरगं जलमल्यापासनं पंचवीस वर्सांत पयल्यांदाच...

सुबरावला ऱ्हावलं न्हाई.

"भान्या! आरं भान्या, मी हाय रं हितं! तुजा आबा हाय!"

आन् वरडता वरडता हात हालला. काटा सरकला.

बाई गेली. वाळू गेली. नुसतं जोंधळं उफनत ऱ्हायलं.

"गेलं! चाचा, गेलं ओ!" सुबराव दोनी हातांनी रेडिओ धरून हालवाय लागला. "कुठं गेलं? बघा की! आता हुतं! ह्या भिकारड्या डबड्याच्या..."

चाचानं त्याचं दोनी हात रेडिओवरनं काढलं आन् त्याच्याच मांडीवर ठेवलं.

"गप बस," चाचा म्हनला. "आन् परत लाव."