हमालाच्या पाठीवरची माळ

जगात डबक्यांखेरीज फारसं काही नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका जंतूच्या पोटात कारागीर हमालाच्या पाठीवर साखरेचा एकेक मणी ओवून माळ करायचे. हमाल एकटाच. तो माळ बाहेर नेऊन जंतूच्या अंगरख्यात गुंफायचा आणि रिकामा परतायचा.

एकदा त्याने माळ उतरवलीच नाही. "सोबत राहा," तो म्हणाला. "रिकाम्या पाठीने परतायचा कंटाळा आलाय."

आत कारागिरांना ओवायला पाठच उरली नाही. अंगरखा विरू लागला, पाणी आत झिरपू लागलं.

"मामा, जा तुम्ही," माळ म्हणाली. "नाहीतर घरच राहणार नाही."

त्याने तिला गुंफलं आणि मागे न पाहता आत गेला.

आता बाहेर हजारो माळा डोलतात. हमाल रोज येतो, पण त्यांतली ती कोणती, हे त्याला ओळखता येत नाही. ती कायम त्याच्या पाठीवरच होती; समोरून त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.