भुकेला नाव विचारणारी राणी

एका राज्यात कुंतला नावाची राणी राज्य करीत होती. तिला आई नव्हती, वडील नव्हते. होती ती एकच धाकटी बहीण, चारुलता. दोघी एका घोड्यावर बसत, एका ताटात जेवत आणि भांडत तर इतक्या, की दरबारातले म्हातारे मानकरी कानांवर उपरणं ओढून बसत.

त्या राज्याच्या उत्तरेला, तळ्याच्या मधोमध, काचेचा एक सुळका होता. सुळक्यावर धूम्रकेश नावाचा मांत्रिक राही. त्याच्याजवळ एक शापित खजिना होता, आणि त्या खजिन्याला जिवंत राखणदार लागे. राखणदार तिथे बसला, की पायाच्या बोटांपासून सोन्याचा होऊ लागे. तीन वर्षांत सोनं काळजापर्यंत चढे. मग तो खजिन्यातलाच एक दागिना होई, आणि धूम्रकेश नवा राखणदार शोधायला निघे.

एके दिवशी तो कुंतलेच्या दरबारात आला.

"राणी, मला तुझी बहीण हवी."

"मिळणार नाही."

"मी विचारत नव्हतो. सांगत होतो."

त्याने चुटकी वाजवली आणि चारुलता बसल्या जागेवरून नाहीशी झाली. कुंतलेने तलवारीला हात घातला. धूम्रकेश हसला.

"तू रडलीस तर तुझं मन मोकळं होईल, आणि मोकळ्या मनाला वाट सुचते. तू चिडलीस तर माझ्या मागे येशील. दोन्ही मला नकोत. म्हणून ऐक. आजपासून तुझ्या मनात जे जे उठेल, ते तुला भूक म्हणूनच कळेल."

तलवार अर्धी म्यानाबाहेर आली होती. कुंतला थबकली. तिला फार भूक लागली होती.

त्या राज्यात एक रीत होती. घरातलं कुणी दूर गेलं, की त्याच्या नावाचं ताट रोज वाढायचं. त्याला परतीचं पान म्हणत. ते टाकायचं नाही, शिळं ठेवायचं नाही. गेलेल्याचं जे सर्वांत जवळचं माणूस असेल त्याने ते जेवायचं. चार दिवसांच्या प्रवासासाठी रीत गोड होती. पण चारुलतेचं पान दोन वर्षं वाढलं गेलं. मुदपाकखाना जुन्या दाईंच्या हाती होता; सगळे त्यांना आत्याबाई म्हणत, आणि त्यांचा हात सढळ. नारळीभात, खव्याच्या पोळ्या, तळलेल्या कुरडया, जे जे चारूला आवडे ते ते रोज. कुंतला आधी आपलं ताट जेवी, मग बहिणीचं. आठवण आली की भूक लागे. सरहद्दीवरून वाईट बातमी आली की भूक लागे. कुणी चांगलं बोललं तरी भूक लागे. ती खाई, आणि हात धुवायच्या आत पुन्हा भूक उभी राही.

लोक म्हणत, "काय माया बहिणीवर!" पाठ वळली की तेच लोक म्हणत, "राज्य आवरता येतं, तोंड आवरत नाही." बोलायला काय जातं! ज्यांना दिवसातून दोनदा भूक लागते त्यांनी, जिला दिवसातून दोनशे वेळा लागते तिला शहाणपण शिकवावं, हा जगाचा जुना उद्योग आहे. त्या दोन वर्षांत कुंतलेने एकही न्यायनिवाडा चुकवला नाही, हे मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही.

तिसरं वर्ष लागलं त्या दिवशी बागेत एक म्हातारी सारस पक्षीण उतरली. तिने माणसाच्या भाषेत राणीला हाक मारली.

"राणी, मी सुळक्याखालच्या तळ्यावर राहते. तुझ्या बहिणीच्या कमरेपर्यंत सोनं आलं आहे. वर्षभराने ते काळजाला पोचेल."

"मला तिथे ने, मावशी. आत्ताच."

"माझे पंख पावणेदोन मण उचलतात. तू अडीच मणांची आहेस."

"माझा सेनापती सडपातळ आहे."

"त्या सुळक्यावर रक्ताचं माणूसच उतरू शकतं. परक्याच्या पायाखाली काच वितळते."

कुंतला उठली आणि भर दुपारी धान्याच्या कोठारात जाऊन मोठ्या तागडीत बसली. हमाल माना खाली घालून उभे राहिले. "माना वर करा आणि नीट तोला," ती म्हणाली. अडीच मण आणि वर दोन शेर भरले.

मग तिने, त्या राज्यात कुणीही केलं असतं तेच केलं. कडकडीत उपास धरला. पाणी आणि तुळशीचं पान, अकरा दिवस. बाराव्या दिवशी घोड्याच्या खोगिरात चारूची तुटकी चप्पल सापडली. कुंतला कोठीघरात गेली आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत जेवत राहिली. आत्याबाईंनी दार उघडलं तेव्हा लाडवांचे तीन डबे रिकामे होते आणि राणी जमिनीवर बसली होती.

सारसमावशी खिडकीत येऊन उभी राहिली. ती हसली नाही.

"उपाशी ठेवून भूक मरत नाही, राणी. पिसाळते."

"मग मी काय करू?"

"तीन कामं. पहिलं, दोन माणसांचं एका तोंडाने जेवणं थांबव. दुसरं, भूक आली की तिला नाव विचार. तिसरं सुळक्यावर कळेल."

पहिलं काम ऐकून आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "कुंतले, बहिणीचं पान बंद करणार? ती जिवंत आहे अजून!"

कुंतलेला तेच बोचत होतं. पान न जेवणं म्हणजे चारूच्या नावावर पाणी सोडणं, असं तिला वाटे. ती ताटासमोर बसून राहिली. नारळीभात निवला. मग ती म्हणाली, "आत्याबाई, हे पान वाटेवरच्या माणसाचं ना?"

"हो."

"मग वाटेवरच्या माणसाला वाढा."

"असं कधी झालं नाही."

"आज होईल."

वेशीवरून एक धनगर कोकरू खांद्यावर घेऊन चालला होता. त्याला आणून बसवलं. तो मांडी ठोकून जेवला, बोटं चाटली आणि म्हणाला, "कुणाचं पान हे, बाईसाहेब?"

"माझ्या बहिणीचं."

"सुगरण असतील."

"छे! साधा भात लावायला सांगितला तर पातेलं जाळते."

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कुंतला हसली. हसल्याबरोबर तिला भूक लागली, पण ती ताटाकडे वळली नाही. त्या दिवसापासून चारूचं पान रोज एका वाटसरूच्या पोटात गेलं, आणि बहिणीचं नाव राजवाड्याबाहेर गावोगाव पोचलं.

दुसरं काम कठीण होतं. राजवाड्यात घटिकापात्र होतं. पाण्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, तळाशी बारीक छिद्र. ती बुडली की एक घटका झाली. भूक आली की कुंतला तिच्यासमोर बसे आणि वाटी बुडेपर्यंत उठत नसे. पहिले पंधरा दिवस ती नुसती थरथरत बसली. सोळाव्या दिवशी तिला एक गोष्ट कळली. सगळ्या भुका एका जागी लागत नव्हत्या.

सारसमावशी विचारी, "भूक लागली?"

"फार."

"कुठे?"

"दातांत. काहीतरी कुरकुरीत फोडावंसं वाटतंय."

"आज काय झालं?"

"प्रधानजी तागडीवरून विनोद करीत होते."

"मग?"

"मग ही भूक नाही, मावशी. हा राग आहे."

हळूहळू तिला उमगलं. रागाची भूक दातांत लागे आणि तिला कुरडया हव्या असत. दुःखाची भूक घशात लागे. तिला दुधातलं, मऊ, गोड काहीतरी हवं असे. खरी भूक पोटात लागे, आणि ती मुळीच लाडावलेली नव्हती. ज्वारीची भाकरी आणि ताक म्हटलं की ती लगेच पाटावर येई. तिला कुंतला मुकाट्याने जेवू घाली. बाकीच्या दोघींना उत्तर देणं तिच्या हाती नव्हतं, शाप होता ना! ती फक्त त्यांना नाव देई आणि वाटी बुडेपर्यंत सोबत बसे.

हे ऐकायला सोपं वाटतं. तसं ते नव्हतं. भूक एकही दिवस रजेवर गेली नाही. सहाव्या महिन्यापासून तागडीचा काटा दीड महिना जागचा हलला नाही. दोनदा ती कोठीघरात जाऊन पोट दुखेपर्यंत खाऊन आली, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी उपास न धरता नेहमीची भाकरी जेवून तटावरच्या फेऱ्या मारायला गेली. रणात एकदा शौर्य करणारे पुष्कळ असतात. हरल्याच्या दुसऱ्या सकाळी नेहमीसारख्या उठणाऱ्या माणसाहून थोर मी कुणी पाहिलेलं नाही.

वर्ष संपायला एक दिवस उरला. तागडीने पावणेदोन मण आणि तीन शेर दाखवले.

"आता?" आत्याबाईंनी काट्याकडे पाहत विचारलं.

कुंतलेने मुकुट काढला, कंबरपट्टा काढला, तोडे काढले. काटा पुरता हलला नाही. तिने तलवार काढून ठेवली. काटा मधोमध आला.

"बिनहत्यारी जाणार तू? त्या मेल्याकडे?"

"पोचले तर पाहीन, आत्याबाई. पोचलेच नाही तर तलवारीचं काय करू?"

सारसमावशी पहाटे उडाली ती दुपार टळताना सुळक्यावर उतरली. काचेच्या सभागृहात दूर टोकाला चारुलता बसली होती. छातीपर्यंत सोनं. ओठ अजून हलत होते.

"ताई, जेवू नकोस!"

मध्ये लांबच लांब पंगत मांडली होती. पानांपुढे माणसं बसली होती, सगळी सोन्याची, प्रत्येकाचा घास हात आणि तोंड यांच्यामध्ये थांबलेला. एक पान रिकामं होतं.

"ये, राणी," धूम्रकेश म्हणाला. "इथला नेम आहे. जेवल्यावाचून राखणदाराला हात लावता येत नाही. आणि आपल्या माणसाला सोडवायला येऊन या पंगतीत बसलेलं कुणी अजून उठलेलं नाही. हवं तर परत जा. तीही मोकळीक आहे."

कुंतलेने बहिणीकडे पाहिलं आणि तिच्या घशात भूक लागली. मांत्रिकाकडे पाहिलं आणि दातांत लागली. ती पहाटेपासून उपाशी होती, म्हणून पोटातही लागली. तिन्ही भुका एकदम उठल्या. तिने डोळे मिटले.

"तू दुःख आहेस," ती पहिलीला म्हणाली. "थांब, तुझ्याशी मला पुष्कळ बोलायचं आहे. तू राग आहेस. माझ्या शेजारी उभा राहा. आणि तू भूक आहेस. चल, जेवू."

ती पानावर बसली. चारुलतेने डोळे घट्ट मिटून घेतले.

पानातला भात वाफाळता होता, आमटीला आमसुलाचा वास होता. कुंतला सावकाश जेवली. घास घेतला की पान पुन्हा भरे. तिने मोजलं नाही, लाजली नाही, घाई केली नाही. मग एका घासाला पोट शांत झालं. तिच्या बोटांत गरम जिलबी होती, पाक निथळत होता. तिने ती परत पानात ठेवली.

"पुरे. माझं पोट भरलं."

"आणखी घे," धूम्रकेश म्हणाला. "तुझ्यासाठीच तळली आहे."

"छान असेल. पुरे."

त्या पंगतीत हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. पानाखालची काच तडकली. तडा पंगतभर धावत गेला, सभागृहाच्या छतापर्यंत चढला, आणि शाप तुटला. कुंतलेला एकदम दातांत काही वाटेनासं झालं. तिच्या मुठी वळल्या, कान तापले. तीन वर्षांनी तिला राग आला, आणि तो रागच होता. तिने आमटीची पितळी पळी उचलली आणि धूम्रकेशाच्या टाळक्यात हाणली. तो काजळीच्या ढिगासारखा खाली बसला, आणि वाऱ्याने ती काजळी तळ्यावर नेऊन टाकली.

पंगतीतल्या माणसांनी थांबलेले घास गिळले आणि एकमेकांना गावांच्या वाटा विचारल्या. चारुलतेच्या अंगावरचं सोनं वाळलेल्या चिखलासारखं गळलं. ती धावत आली.

"ताई! सबंध तीन वर्षं लावलीस!"

"तुझ्यासाठी तागडीत बसले, मूर्ख मुली, भर कोठारात!"

सारसमावशी एकीलाच नेऊ शकत होती. तू जा, नाही तू जा, म्हणून दोघींनी इतकं भांडण केलं, की ती कंटाळून एकटीच उडून गेली. शाप तुटला तसा सुळका खचून तळ्यात बसला होता आणि वर गुडघाभरच पाणी उरलं होतं. दोघी चालत निघाल्या.

चौथ्या दिवशी रस्त्याकडेच्या बाभळीखाली कुंतला मध्येच बसली. तिचा श्वास जड झाला, ओठ थरथरले. तिथे एक म्हातारी पाथरवटीण पाट्याला टाकी लावत होती. तिने हातातली छिन्नी खाली ठेवली.

"भूक लागली का गं, पोरी? माझ्याजवळ भाकरी आहे."

कुंतलेने पोटाला हात लावला. मग घशाला लावला.

"नाही, आजी. मला रडू येतंय."

"मग रड की! विचारतेस कुणाला?"

आणि राज्याची राणी धुळीत बसून, तीन वर्षांचं साठलेलं, मोठ्याने रडली. चारुलता तिला धरून बसली आणि एकदाही गप्प हो म्हणाली नाही. सावल्या लांबल्या. पाथरवटिणीने पाटा पुरा केला. तेव्हा कुंतलेने पदराने तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि ती म्हणाली, "आजी, आता मात्र भूक लागली."

भाकरीचे तीन तुकडे झाले. सातव्या दिवशी दोघी बहिणी राज्यात पोचल्या, आणि राज्याची घडी पुन्हा नीट बसली. सांगणाऱ्याचं सांगून झालं, ऐकणाऱ्याचं मन भरलं असेल तर त्याने उठावं.