साळुंकीने वनदेवतेला जाब विचारला

पूर्वी वेणुपूर नगरात सत्यसेन नावाचा राजा राज्य करीत असताना, नगराबाहेर विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीत बोधिसत्त्व सुगरण पक्षी होऊन राहत होता. विहिरीच्या भिंतीतल्या भोकात मंजुळा नावाची साळुंकी राहायची. कोणाच्या घरट्यात अंडी किती, कोणाचं कोणाशी बिनसलं, हे तिला न विचारता ठाऊक असे. मनाने मात्र मायेची, बरं का.

सुगरण पक्ष्यांची एक रीत आहे. नराने हिरव्या गवताचे धागे आणून घरटे अर्धे विणायचे आणि मादीची वाट पाहायची. ती येते, आत शिरते, धागे ओढून पाहते. पसंत पडले तर राहते, नाहीतर भुर्रकन उडते. कारण सांगायची पद्धत नाही. आणि हे सगळे गवत हिरवे आहे तोवरच. वाळलेल्या गवताला पीळ बसत नाही.

कांचना नावाच्या मादीने बोधिसत्त्वाचे पहिले घरटे पाहिले आणि ती उडून गेली. त्याने ते मोडून दुसरे विणले, तेही तिने नाकारले. शेजारच्या फांदीवरच्या वक्रक नावाच्या नराचे तिरक्या तोंडाचे घरटे मात्र एकीला पाहताक्षणी आवडले.

"अहो भाऊजी," साळुंकी म्हणाली, "तुमचं घरटं बघून मलासुद्धा भिंत सोडावीशी वाटते. आणि त्या वक्रकाचं? आंधळ्यानं विणलेली टोपली! तरी संसार त्याचा. वनदेवता झोपली की काय?"

"झोपली असती तर वहिनी, सकाळी गवतावर दव कोणी शिंपडलं?" बोधिसत्त्व हसून म्हणाला.

त्याच दिवशी राजाच्या घोड्यांसाठी गवत कापणारे आले आणि नदीकाठ भादरून गेले. झुडपात राहणाऱ्या मुनिया या चिमुकल्या पाखराचे घरटेही भाऱ्यात गेले. अंडी घालायच्या दिवसांत ती बिचारी उघड्यावर आली आणि बाभळीखाली थरथरत बसली.

बोधिसत्त्वाजवळ ते एकच घरटे. हिरवे गवत जवळजवळ संपलेले. हे दिले तर यंदा संसार नाही, हे त्याला कळत होते.

"ये बाई, आत ये," तो म्हणाला. "झोका लागतो थोडा. सवय होईल."

साळुंकीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक वडाखालच्या वनदेवतेच्या दगडावर जाऊन बसली.

"देवी, हा कुठला न्याय? जो चांगलं करतो त्याच्याच नशिबी उघडी फांदी? बोल की!"

दगड बोलला नाही. एक मुंगी तेवढी वर चढून आली. साळुंकीने ती खाल्ली आणि राग जरा निवल्यावर ती परत फिरली.

"काय म्हणाली देवी?" बोधिसत्त्वाने विचारले.

"काही नाही."

"मलाही काही म्हणत नाही. पण वहिनी, उत्तर आलं तरच विश्वास, असं म्हटलं तर तो बाजार झाला. विणणं माझं काम. त्यात कोण राहणार, ते देवीचं. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण वाईट वाटत असलं तरी चोच चालते."

विळ्यांतून सुटलेली विहिरीच्या कपारीतली गवताची जाड पाती ओढून त्याने पुन्हा विणायला घेतले. घरटे झाले खरखरीत, जागोजागी टोके बाहेर आलेली. आणि नेमकी तेव्हाच कांचना आली! तिने एक धागा ओढला, तो चोचीतच सुटून आला. साळुंकीने डोळेच मिटले.

"त्या आधीच्या घरट्यात कोण?" कांचनेने विचारले.

"मुनिया. तिचं घर गेलं."

"म्हणून तुमचं दिलंत?"

"हो."

कांचना पुन्हा आत शिरली आणि बसून राहिली.

साळुंकीला राहवेना. "अगं, आधीची दोन देखणी सोडून हे?"

"विणकाम तेव्हाही दिसत होतं, मंजुळाताई. पण वादळात हा पिलांवर पंख धरील की नाही, ते गवत ओढून कसं कळणार?"

सूर्य मावळायच्या आत ही बातमी बाभळीतल्या प्रत्येक फांदीला कळली. कोणी सांगितली, ते सांगायला नको.

शेजारणीला सोबत घेऊन, तिच्यावर ओढवलेल्या दुःखाबद्दल भांडायलाच विहारात आलेल्या एका उपासिकेला ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाची मुनिया म्हणजे ही तुझी शेजारीण. कांचना आज भिक्षुणीसंघात आहे. सुगरण पक्षी मीच होतो."

"आणि साळुंकी, भन्ते?"

शास्ते नुसते हसले. शेजारीणही डोळे पुसता पुसता हसली. मग शास्ते म्हणाले, "उत्तर आलं नाही तरी चोचीला जी थांबू देत नाही, तिला श्रद्धा म्हणतात."